चिप शेकड्यांत, भरवसा लाखांत

१९९८ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. अमेरिकेतील डॅलस शहरात बेलर विद्यापीठाच्या रुग्णालयात हृदयरुग्णांच्या अंगावर लावलेली छोटी रेडिओयंत्रे त्यांच्या हृदयाचा आलेख बिनतारी पद्धतीने परिचारिकांसमोरच्या पडद्यावर पाठवत होती. या पद्धतीला टेलिमेट्री म्हणतात. रुग्णाला खाटेशी बांधून ठेवावे लागत नाही. तो उठून वऱ्हांड्यात चार पावले चालू शकतो आणि तरीही त्याच्या हृदयाचे ठोके कोणाच्या तरी नजरेखाली राहतात. एके दिवशी मात्र यांपैकी काही यंत्रांचे संदेश येईनासे झाले. यंत्रांत बिघाड नव्हता. शोध घेतल्यावर कळले की शहरातील एका दूरचित्रवाणी केंद्राने नव्या डिजिटल प्रक्षेपणाची चाचणी सुरू केली आहे. रुग्णालयाची यंत्रे ज्या लहरी वापरत होती, त्याच लहरींवर आता त्या केंद्राचा प्रचंड ताकदीचा प्रक्षेपक बोलू लागला होता. हे कळल्यावर केंद्राने प्रक्षेपण थांबवले आणि सुदैवाने कोणत्याही रुग्णाला इजा झाली नाही.

यात नियम कोणीच मोडला नव्हता. रिकाम्या पडलेल्या दूरचित्रवाणी वाहिन्यांच्या लहरी वापरण्याची मुभा रुग्णालयांना होती, पण त्या लहरींवर त्यांचा हक्क नव्हता. मूळ मालक आला की पाहुण्याने उठायचे, असा तो व्यवहार. पुढे २००० मध्ये अमेरिकी दूरसंचार आयोगाने वैद्यकीय टेलिमेट्रीसाठी ६०८ ते ६१४ मेगाहर्ट्झचा आणि आणखी काही पट्टे राखून ठेवले. या राखीव जागेत यायचे तर रुग्णालयांना जुनी यंत्रे बदलावी लागणार होती. जुनी यंत्रे विकत घेताना कोणत्याही दरपत्रकात हा खर्च लिहिलेला नव्हता.

छोट्या रेडिओयंत्राची ही जुनीच रीत आहे. त्याचा दिसणारा खर्च थोडा असतो आणि न दिसणारा पुष्कळ. हा न दिसणारा खर्च बनवणाऱ्याने वेळेवर केला नाही, तर तो नाहीसा होत नाही. तो पुढे सरकतो आणि शेवटी रुग्णाच्या खाटेपाशी येऊन थांबतो.

अडतीस किलोंची पाठपिशवी

अमेरिकेतील मोंटाना राज्यात नॉर्मन हॉल्टर नावाचे एक संशोधक होते. चालत्याफिरत्या माणसाच्या हृदयाचा आलेख रेडिओने पाठवता यावा, यासाठी त्यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस एक यंत्र तयार केले. ते पाठीवर घ्यावे लागे आणि त्याचे वजन होते सुमारे ३८ किलो. आज 'हॉल्टर लावून घ्या' असे डॉक्टर सांगतात तेव्हा खिशात मावणारी जी डबी मिळते, तिला त्यांचेच नाव आहे. १९५७ मध्ये गिळता येईल एवढी रेडिओगोळी तयार झाली. पोटातील दाब आणि तापमान ती बाहेर कळवत असे. २००१ मध्ये लहान आतड्याची छायाचित्रे पाठवणाऱ्या कॅप्सूलला अमेरिकेत मान्यता मिळाली.

आज तर रेडिओ पाठवणारा, ऐकणारा आणि हिशोब ठेवणारा असा सगळा संसार नखाएवढ्या चिपमध्ये मावतो. अँटेनासह तयार असलेले ब्लूटूथ किंवा वायफायचे छोटे बोर्ड मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा घरबसल्या काही शे रुपयांत मिळतात. म्हणूनच दरवर्षी महाविद्यालयांच्या प्रदर्शनांत नाडी मोजणारे पट्टे, पडल्याची खबर देणारी लॉकेटे आणि सलाइन संपत आल्याचे कळवणारे चिमटे मांडलेले दिसतात. हे कौतुकाचेच आहे. प्रश्न पडतो तो त्यापुढे. यांतली फारच थोडी यंत्रे वॉर्डापर्यंत पोहोचतात. ती नेमकी कुठे अडतात?

टेबलावर चालले म्हणजे झाले?

एक उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील मुलांनी कमी वजनाच्या नवजात बाळांसाठी त्वचेवर चिकटणारा बिनतारी तापमापक बनवायचे ठरवले. गरज खरी आहे. नवजात बाळाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कमी वजनाचे बाळ फार पटकन गार पडते. गार पडलेले बाळ दूध ओढत नाही, त्याची साखर उतरते आणि प्रकृती खालावत जाते. तापमान उतरताच आईच्या किंवा सिस्टरच्या मोबाइलवर इशारा आला, तर जीव वाचू शकतो.

मुलांनी बाजारातून बोर्ड आणला, तापमान मोजणारा सुटा भाग जोडला, थोडे प्रोग्रॅमिंग केले. शनिवार-रविवारमध्ये टेबलावर यंत्र चालू झाले. मोबाइलवर आकडा दिसू लागला. सगळा खर्च हजाराच्या आत. इथे अनेकांना वाटते की नव्वद टक्के काम झाले, आता सुंदर डबी केली की संपले. प्रत्यक्षात अवघड काम इथून सुरू होते.

शरीर नावाची भिंत

ब्लूटूथ आणि बहुतेक वायफाय २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी वापरतात. या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर. तिच्या पाव लांबीची, म्हणजे साधारण तीन सेंटिमीटरची अँटेना तिला मानवते. टेबलावर, मोकळ्या हवेत ही अँटेना नीट काम करते. पण माणसाचे शरीर म्हणजे हवा नव्हे. ते बहुतांशी खारे पाणी आहे आणि पाणी या लहरी शोषून घेते. या लहरीने दोन-सव्वादोन सेंटिमीटर जाडीचा स्नायू ओलांडेपर्यंत तिच्यातील ऊर्जेचा जेमतेम सातवा हिस्सा उरतो. छातीच्या एका बाजूला लावलेल्या यंत्राचा संदेश शरीराच्या आरपार जातच नाही. तो कडेने वळसा घालून किंवा खोलीच्या भिंतीवर आपटून पलीकडे पोहोचतो. ब्लूटूथचा इअरफोन घरात छान चालतो, पण मोबाइल विरुद्ध बाजूच्या खिशात ठेवून मोकळ्या मैदानात गेले की कधी कधी तुटक ऐकू येतो, हा अनुभव अनेकांना असेल. मैदानात लहर परत पाठवायला भिंती नसतात.

दुसरी अडचण अधिक छुपी आहे. अँटेना त्वचेला टेकली की तिचा सूरच बदलतो. तंबोऱ्याच्या तारेवर बोट ठेवावे तसे काहीसे होते. २.४ गिगाहर्ट्झसाठी जुळवलेली अँटेना शरीराजवळ गेल्यावर खालच्या सुरात उतरते आणि चिपने पाठवलेली बरीचशी ताकद अँटेनाबाहेर न पडता मागे फिरते.

आता आपला तापमापक आठवा. कमी वजनाच्या बाळाला ऊब देण्याचा सर्वांत चांगला उपाय म्हणजे कांगारू पद्धत, म्हणजे बाळाला आईच्या उघड्या छातीशी कातडीला कातडी लावून धरणे. ज्या बाळासाठी यंत्र बनवले, ते बाळ दिवसातले अनेक तास आईच्या छातीशी असणार. यंत्र बाळ आणि आई यांच्यामध्ये, दोन्ही बाजूंनी खाऱ्या पाण्याच्या भिंती. टेबलावर दहा मीटर जाणारा संदेश इथे हातभर जाईल याचीही खात्री नाही.

यावर उपाय आहेत. अँटेनाचा आकार बदलता येतो, तिची जागा बदलता येते, त्वचा आणि अँटेना यांच्यात अंतर ठेवता येते. पण प्रत्येक बदल म्हणजे नवा सर्किट बोर्ड, पुन्हा जुळवाजुळव, पुन्हा मोजणी. ही मोजणी करणारी उपकरणे लाखांच्या घरात जातात. हल्ली काही हजारांत मिळणारे छोटे मापकही शिकण्यापुरते चांगले काम देतात, पण ते वापरायला अनुभवी हात लागतो. असा अनुभवी माणूस हाच या धंद्यातला पहिला मोठा छुपा खर्च. बाहेरची डबी तर आणखी त्रास देते. प्लास्टिकची जाडी बदलली, बॅटरी अँटेनाजवळ सरकली, चकाकीसाठी धातूचा मुलामा दिलेला रंग वापरला, की रेडिओचा पल्ला घटतो. डबीसाठी पोलादी साचा करायला लाखो रुपये लागतात. साचा तयार झाल्यावर ही चूक लक्षात आली, तर ते पैसे पाण्यात जातात.

बटन सेलचा हिशोब

यंत्र छोटे म्हणजे सेलही छोटा. घड्याळात आणि रिमोटमध्ये असतो तो नाण्याएवढा लिथियम सेल साधारण २२० मिलिअँपिअर-तास एवढा साठा देतो. यंत्राने सरासरी एक मिलिअँपिअर प्रवाह घेतला, तर तो नऊ दिवसांत संपेल. तेच यंत्र बहुतांश वेळ झोपवून सरासरी प्रवाह त्याच्या शंभराव्या हिश्श्यावर आणला, तर कागदावर तोच सेल सुमारे अडीच वर्षे टिकेल. हे झोपवणे आणि वेळेवर उठवणे साधण्यासाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचे महिने जातात. शिवाय संदेश पाठवताना रेडिओ क्षणभर जास्त प्रवाह ओढतो. सेल अर्धा संपला असेल किंवा थंडी असेल, तर त्या क्षणी त्याचा दाब खाली येतो आणि यंत्र बंद पडून पुन्हा सुरू होते. टेबलावर नव्या सेलवर हे कधीच दिसत नाही. दिसते ते तिसऱ्या महिन्यात, कोणाच्या तरी घरी.

याच सेलचा आणखी एक धोका आहे आणि त्याचा रेडिओशी संबंध नाही. वीस मिलिमीटरचा लिथियम सेल लहान मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर लाळेतून वाहणाऱ्या प्रवाहामुळे तिथे अल्कली तयार होते आणि अवघ्या दोन तासांत गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. अमेरिकेने २०२२ मध्ये ग्राहकोपयोगी वस्तूंमधील अशा सेलसाठी कायदा करून सेलचे झाकण लहान मुलाला उघडता येणार नाही असे असावे, अशी सक्ती केली. बाळाच्या अंगावरचे यंत्र त्याच्या तीन वर्षांच्या भावंडाच्या हाती कधी ना कधी पडणारच. झाकणाला एक स्क्रू लावायचा, तर जागा लागते, साचा बदलतो, जुळणीचा वेळ वाढतो. हा खर्च वाचवण्याचा मोह होतो. तो टाळायलाच हवा.

त्वचेचेही तसेच. वेळेआधी जन्मलेल्या बाळाची कातडी इतकी नाजूक असते की साधी चिकटपट्टी काढतानाही ती सोलवटते. चिकटवण्याचा पदार्थ, प्लास्टिक, रंग या सगळ्यांची त्वचेवर परीक्षा घ्यावी लागते. रेडिओ बनवायला निघालेल्यांना या खर्चाची कल्पनाही नसते.

त्रास देणे आणि त्रास सोसणे

रेडिओयंत्राला दोन कसोट्यांना उतरावे लागते. त्याने शेजारच्या यंत्रांना त्रास द्यायचा नाही आणि शेजाऱ्यांचा त्रास सोसून स्वतःचे काम चालू ठेवायचे.

पहिली कसोटी किती महत्त्वाची आहे, हे नेदरलँड्समधील संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिले. वस्तूंचा माग ठेवण्यासाठी रेडिओ चकत्या वापरतात. रुग्णालयातही त्या वापराव्यात, असा विचार तेव्हा जोरात होता. या संशोधकांनी अतिदक्षता विभागातील ४१ उपकरणांजवळ अशी यंत्रणा चालवून १२३ चाचण्या घेतल्या. त्यावेळी उपकरणांना रुग्ण जोडलेले नव्हते. ३४ वेळा उपकरणांच्या कामात व्यत्यय आला. त्यांपैकी २२ प्रसंग रुग्णाच्या दृष्टीने धोकादायक ठरले असते. खिशातल्या वस्तू मोजणाऱ्या निरुपद्रवी यंत्रणेची ही कथा.

दुसरी कसोटी आपल्याकडे विशेष लागू पडते. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात २००५ पासून परवान्याविना वापरता येतो. त्यामुळे तिथे वायफाय, ब्लूटूथ, वायरलेस माउस, ड्रोन असे सगळेच गर्दी करतात, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही याच लहरींवर अन्न तापवतो. सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात चाळीस खाटा, प्रत्येक रुग्णाजवळ एक-दोन नातेवाईक आणि प्रत्येकाच्या खिशात मोबाइल. प्रयोगशाळेतील शांततेत चालणारे यंत्र या बाजारात कसे चालेल, हे त्या बाजारात नेल्याशिवाय कळत नाही.

स्थिर विजेचाही विचार करावा लागतो. विदर्भातल्या कोरड्या थंडीत सिंथेटिक ब्लँकेट ओढले की चटका बसतो. ती ठिणगी हजारो व्होल्टची असते. वैद्यकीय उपकरणांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार यंत्राने हवेतून येणारी १५ हजार व्होल्टपर्यंतची ठिणगी सोसली पाहिजे. घरी वापरायच्या यंत्रांसाठी रेडिओलहरींचा मारा सोसण्याची अट रुग्णालयातील यंत्रांपेक्षाही कडक आहे, कारण घरात कोण कुठला मोबाइल यंत्राला टेकवून ठेवेल यावर कोणाचाच ताबा नसतो.

या चाचण्या खास खोल्यांत होतात. भिंतींना धातूचे आवरण असते आणि त्यावर लहरी शोषून घेणारे शंकूच्या आकाराचे फोमचे ठोकळे लावलेले असतात. अशा प्रयोगशाळा थोड्या आहेत. 'समीर' या केंद्र सरकारी संस्थेचे चेन्नई येथील केंद्र या कामासाठी ओळखले जाते. बाकीच्या सोयीही बहुतेक मुंबई, पुणे, बेंगळुरू अशा मोठ्या शहरांतच आहेत. नांदेडच्या किंवा चंद्रपूरच्या मुलांनी यंत्र घेऊन तिथे जायचे, दिवसाचे भाडे भरायचे आणि संध्याकाळी नापास होऊन परत यायचे, हे अगदी नेहमीचे आहे. पहिल्या फेरीत पास होणारे यंत्र विरळा. प्रत्येक नापासामागे नवा बोर्ड आणि नवा खेप-खर्च असतो. चांगले अभियंते म्हणूनच अंदाजपत्रकात सुरुवातीपासून दोन-तीन फेऱ्या धरून ठेवतात.

लहरींचे कागद, औषधांचे कागद

यानंतर येतात परवाने. अनेकांना ही केवळ सरकारी कटकट वाटते. डॅलसची गोष्ट आठवली तर ती तशी वाटणार नाही.

लहरी देशोदेशी वेगळ्या वाटलेल्या आहेत. अमेरिकेत ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झचा पट्टा छोट्या यंत्रांना खुला आहे. भारतात तो तसा खुला नाही. आपल्याकडे परवान्याविना वापरता येतो तो ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा. परदेशी संकेतस्थळावरून स्वस्त मिळतो म्हणून ९१५ मेगाहर्ट्झचा बोर्ड मागवला आणि त्याभोवती यंत्र उभे केले, तर ते इथे विकता येत नाही. खुल्या पट्ट्यातील यंत्रालाही दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची मान्यता लागते. आधीच मान्यता मिळालेला तयार बोर्ड घेतला तर वाट सोपी होते. पण ती मान्यता ठरावीक अँटेना आणि ठरावीक जोडणी यांच्यासाठी असते. जागा वाचवण्यासाठी अँटेना बदलली की ती मान्यता आधार देत नाही. ब्लूटूथचे नाव आणि चिन्ह वापरायचे, तर त्या संघटनेकडे नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी काही हजार डॉलर मोजावे लागतात. हजार यंत्रे विकणाऱ्या छोट्या कंपनीला दर यंत्रामागे हा भार मोठा पडतो. दहा लाख विकणाऱ्या मोठ्या कंपनीला तो जाणवतही नाही.

दुसरे कागद वैद्यकीय. भारतात २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम जानेवारी २०१८ पासून लागू झाले. त्यांत धोक्यानुसार ए, बी, सी, डी असे चार वर्ग आहेत. कमी धोक्याच्या ए आणि बी वर्गांसाठी ऑक्टोबर २०२२ पासून आणि सी व डी वर्गांसाठी ऑक्टोबर २०२३ पासून परवाना सक्तीचा झाला. त्यासाठी कारखान्याची गुणवत्ता पद्धत, प्रत्येक बदलाची नोंद, धोक्यांचा लेखी विचार आणि गरजेप्रमाणे रुग्णांवरील चाचण्या दाखवाव्या लागतात. यंत्र बनवायला सहा महिने लागले असतील, तर हे सारे उभे करायला त्याच्या कितीतरी पट वेळ जातो. तोवर पगार, भाडे आणि कर्जाचे व्याज चालूच असते.

विकल्यानंतरचा संसार

यंत्र विकले गेले म्हणजे खर्च संपला, असेही नाही. बिनतारी यंत्राचे दार जगाला उघडे असते. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एका बनावटीच्या सुमारे ४ लाख ६५ हजार पेसमेकरांच्या प्रणालीत दुरुस्तीची सूचना काढली. त्यांच्या रेडिओ संपर्कात अशी फट होती की जवळ येऊन कोणी अनधिकृत माणूस पेसमेकरचे काम बदलू शकला असता. असे कोणाच्या बाबतीत घडल्याची नोंद नव्हती. दुरुस्तीला काही मिनिटेच लागणार होती, पण रुग्णाला त्यासाठी दवाखान्यात यावे लागणार होते. लाखो हृदयरुग्ण, त्यांची भीती आणि डॉक्टरांचा वेळ, याची किंमत कोणी आणि कशी मोजायची?

मोबाइलवरचे ॲपही कायम सांभाळावे लागते. दरवर्षी मोबाइलची प्रणाली बदलते आणि काल चालणारे ॲप आज यंत्राला ओळखेनासे होते. चिप बंद होतात. २०२१ च्या जागतिक चिपटंचाईत अनेक छोट्या उत्पादकांना मिळेल ती चिप घेऊन यंत्राची रचना बदलावी लागली आणि बदल म्हणजे पुन्हा चाचण्या. जाळेच बंद होण्याचेही प्रसंग येतात. अमेरिकेत २०२२ मध्ये थ्रीजी सेवा बंद झाल्या, तेव्हा त्यांवर चालणारी वैद्यकीय उपकरणे बदलून घ्या, असे लोकांना सांगावे लागले.

या सगळ्यात रुग्णाच्या दृष्टीने सर्वांत घातक दोष मात्र अगदी साधा असतो. संपर्क तुटला की ॲप काय दाखवते? काही ॲप शेवटचा आकडा तसाच ठेवतात. आईला मोबाइलवर ३६.८ दिसत राहते, प्रत्यक्षात बाळ अर्ध्या तासापासून गार पडत असते. यंत्र नसते तर आईने बाळाच्या पोटाला आणि तळपायांना हात लावून पाहिले असते. यंत्रावर विसंबून तिने तेही केले नाही. याउलट, दर पाच मिनिटांनी संपर्क तुटल्याचा गजर झाला, तर तिसऱ्या रात्री सिस्टर तो बंद करतील आणि खरा गजर होईल तेव्हा कोणीच ऐकणार नाही. संपर्क तुटल्याचे स्पष्ट सांगणारे आणि उगाच ओरडत न सुटणारे यंत्र बनवायला वॉर्डात बसून, रात्रपाळी पाहून काम करावे लागते. हा वेळ कोणत्याही अंदाजपत्रकात लिहिलेला नसतो.

स्वस्त निविदेची महाग गोष्ट

सरकारी खरेदीत साधारणपणे अटी पूर्ण करणाऱ्यांपैकी कमी किमतीच्या निविदेला काम मिळते. अटी नीट लिहिल्या असतील तर ही पद्धत चांगली आहे. पण अटींत फक्त 'बिनतारी, मोबाइलला जोडता येणारे' एवढेच लिहिले, तर ज्याने चाचण्यांचा, सुट्या भागांचा, ॲपच्या देखभालीचा खर्च धरलेला नाही, त्याचा आकडा सर्वांत कमी येतो. मग दोन वर्षांनी कपाटात चार्जर नसलेली, पट्टे तुटलेली, ॲप न उघडणारी यंत्रे साचतात. कागदावर पैसे वाचलेले असतात, वॉर्डात मात्र सिस्टर पुन्हा काचेच्या थर्मामीटरने तापमान घेत असतात. खरेदीच्या अटींत पाच वर्षांची देखभाल, सेल आणि पट्ट्यांचा वार्षिक खर्च, रेडिओ मान्यता, वैद्यकीय परवाना आणि आपल्याच वॉर्डात आठवडाभर चालवून दाखवण्याची अट, एवढे जरी लिहिले तरी चित्र बदलेल.

हे वाचून तरुणांनी यंत्रे बनवू नयेत, असा अर्थ काढू नये. करोनाच्या पहिल्या लाटेत, एप्रिल २०२० मध्ये आयआयटी मुंबईतील एका गटाने ब्लूटूथवर चालणारा स्टेथोस्कोप पुढे आणला. छातीचे आवाज दूर उभ्या डॉक्टरला ऐकू यावेत आणि संसर्ग टळावा, हा हेतू. सुमारे हजार स्टेथोस्कोप देशभरातल्या रुग्णालयांना पाठवल्याचे तेव्हा प्रसिद्ध झाले होते. डॉक्टर आणि अभियंते आधीपासून एकत्र काम करत असतील, तर गरजेच्या वेळी असे घडू शकते.

मात्र आरंभी एक प्रश्न विचारायला हवा: इथे रेडिओ खरोखर हवा आहे का? बेंगळुरूत विकसित झालेले, बाळाच्या मनगटावर बांधायचे एक तापमापक कडे आहे. बाळ गार पडले की ते दिवा लावते आणि आवाज करते. मोबाइल नको, ॲप नको, जोडणी नको. आई शेजारीच असेल, तर तिला एवढे पुरते. रेडिओ हवा तो रुग्ण आणि काळजी घेणारा यांच्यात अंतर असेल तेव्हा.

घरी घेताना

घरच्या वापरासाठी असे यंत्र घ्यायचे असेल, तर काही गोष्टी पाहाव्यात. खोक्यावर उत्पादकाचा पत्ता आणि वैद्यकीय उपकरणाचा परवाना क्रमांक आहे का? सेलचे झाकण स्क्रूने बंद होते का? घेतल्यावर एकदा मुद्दाम मोबाइल दुसऱ्या खोलीत नेऊन संपर्क तोडावा आणि ॲप काय सांगते ते पाहावे. जुना आकडा तसाच दाखवत राहिले, तर त्या यंत्रावर विसंबू नये. यंत्र आणि मोबाइल शरीराच्या एकाच बाजूला ठेवावेत. पेसमेकर बसवलेल्यांनी अंगावर लावायचे कोणतेही नवे बिनतारी उपकरण आपल्या डॉक्टरांना विचारूनच वापरावे. आणि आकडा ठीक दिसत असूनही माणूस ठीक दिसत नसेल, तर माणसाकडे पाहावे. बाळ दूध ओढत नसेल, सुस्त वाटत असेल, तळपाय गार लागत असतील, तर मोबाइल बाजूला ठेवून त्याला छातीशी घ्यावे आणि रुग्णालय गाठावे.